मैलापाण्याचा गाळ कुठे जातो, ते आम्हाला सांगा

प्रति,
मा. आयुक्त आणि सर्व मा. नगरसेवक,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे

स. न. वि. वि.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या मांजरीच्या रानात सहा ट्रॉल्या खत येऊन पडलं. आणणाऱ्याने फक्त डिझेलचे पैसे घेतले. ‘मॅडम, एसटीपीचं खत आहे, कसदार आहे, दोन वर्षं युरियाचं नाव काढणार नाही तुम्ही,’ असं तो सांगत होता. एसटीपी म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. काळं, भुसभुशीत, वासही सोसवेल इतकाच. तीन ट्रॉल्या उसाच्या सऱ्यांत घातल्या, दोन कोथिंबिरीच्या वाफ्यांत विस्कटल्या, एक बांधाला तशीच ठेवली. मृगाचा पाऊस झाला आणि कोथिंबिरीच्या जोडीने वाफ्यावाफ्यांत टोमॅटो उगवला. त्या रानात आम्ही कधीही टोमॅटो केलेला नव्हता.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे रोपं कुठून आली हे कळायला वेळ लागला नाही. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडतं, गटारातून शुद्धीकरण केंद्रात पोहोचतं आणि गाळात जाऊन बसतं. केंद्रांवर काम करणाऱ्यांना याचं नवल नाही. गाळ वाळवायच्या वाफ्यांवर टोमॅटोची झाडं त्यांना नेहमीच दिसतात. मला मात्र धडकी भरली. बी जिवंत राहिलं याचा अर्थ ते खत कधी नीट तापलंच नव्हतं. आणि ज्या खतात टोमॅटोचं बी मेलं नाही, त्यात जंतांची अंडी मेली असतील असं मी कशाच्या भरवशावर म्हणू? त्या वाफ्यांत चार बाया उघड्या हातांनी खुरपत होत्या. त्यांच्या भाकरीचं फडकं बांधावर, त्या उरलेल्या ढिगापासून दहा पावलांवर होतं. आम्ही कोथिंबीर उपटून खड्ड्यात पुरली. मार्केट यार्डात तिला गिऱ्हाईक मिळालं असतं, जुड्या देखण्या होत्या. म्हणूनच जास्त भीती वाटली.

वाफे खणताना आणखी काय काय निघालं तेही लिहिते. शॅम्पूच्या पुड्यांचे कोपरे, कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्या, केसांचे गुंते, सॅनिटरी पॅडचे पातळ पापुद्रे. काड्या तर आजही कुदळीला लागतात.

ट्रॉलीवाल्यावर माझा राग नाही. तो गाळ कुठल्या केंद्रातून निघाला, महापालिकेच्या की एखाद्या खासगी सोसायटीच्या, हे त्याला सांगता आलं नाही, मलाही ठरवता येणार नाही. पत्र लिहिण्याचं कारण तेच आहे. पुण्यात गोणीवर वजन, घटक आणि बनवणाऱ्याचं नाव छापल्याशिवाय दहा किलो गांडूळखत विकता येत नाही, आणि माणसाच्या मैल्याचा गाळ मात्र बिननावाने, बिनकागदाने, ट्रॉलीच्या हिशेबाने शेतात उतरू शकतो.

मांजरी बुद्रुक २०२१ साली इतर गावांबरोबर महापालिकेत आलं. तोवर आम्ही फक्त मुळा-मुठा नदीच्या खालच्या अंगाचे लोक होतो. शहराने सोडलेलं पाणी जलपर्णीसकट आमच्या दारावरून थेऊरकडे आणि पुढे रांजणगाव सांडसला भीमेत जाताना पाहायचो. आता आम्ही पालिकेचे करदातेही आहोत आणि आमच्या घरातला मैलाही याच व्यवस्थेत जाणार आहे. म्हणून हे पत्र परक्याचं समजू नये.

नदीबद्दल शहरात बोललं जातं, आणि ते चांगलंच आहे. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून २०१६ साली करार झालेली ९९० कोटींची योजना, तिच्यातली ११ केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता, हे आकडे आम्हा सगळ्यांना आता पाठ झालेत. पण हे सगळे आकडे पाण्याचे आहेत. मैलापाणी शुद्ध करणं म्हणजे पाण्यातली घाण वेगळी काढणं, ती नाहीशी करणं नव्हे. पाणी जितकं चांगलं शुद्ध कराल तितका गाळ जास्त निघेल. ढोबळ हिशेब असा की दशलक्ष लिटर मैलापाण्यामागे दोनशे ते अडीचशे किलो कोरडा गाळ तयार होतो. ३९६ दशलक्ष लिटरला रोजचा ८० ते १०० टन. आणि तो कोरडा कधीच बाहेर येत नाही. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, पिळून निघालेल्या ‘केक’मध्येही शंभरातले ऐंशी भाग पाणीच असतं. म्हणजे रोज चारशे-पाचशे टन ओला गाळ, दहा टनी डंपर धरले तर चाळीस-पन्नास गाड्या, रोज, दिवाळीलाही आणि भर पावसातही. एवढ्या गाड्या कुठे जाणार आहेत हे शहराला माहीत नसेल तर ती योजना अर्धीच झाली म्हणायची.

गाळाचं काम टाळता येत नाही, हे इथे सांगायला हवं. टाकीतला गाळ रोजच्या रोज काढला नाही तर तो साचतो, वर येतो आणि शुद्ध झालेल्या पाण्याबरोबर नदीत निघून जातो. सेंट्रिफ्यूज बंद आहे, गाळ घट्ट करायचं पॉलिमर संपलंय, गाडी आली नाही, यातली कुठलीही एक अडचण दोन-तीन दिवस टिकली की सगळ्या केंद्राचं काम बिघडतं. म्हणून केंद्र कसं चाललंय हे ओळखायचं असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बाटलीबरोबरच गाळाच्या गाड्यांचं रजिस्टरही पाहावं. आलेल्या मैलापाण्याच्या मानाने ज्या केंद्रातून गाळ फारच कमी निघतो, तिथलं पाणी बहुधा पूर्ण शुद्ध झालेलं नसतं.

माझी मुलगी खराडीला राहते. तिच्या सोसायटीचं स्वतःचं छोटं केंद्र तळघरात आहे, पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांना ते बंधनकारकच आहे. गाळ कुठे जातो असं मी तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं. ‘एक माणूस येतो, गोण्या घेऊन जातो,’ एवढंच उत्तर. बागेत घालतो म्हणे, कधी शेतकऱ्यांना देतो म्हणे. तळघरात गाळ पिळणाऱ्या पोराच्या हातात मोजे नव्हते.

सोनखत हा शब्द आपल्या भाषेने उगाच घडवलेला नाही. आमच्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासऱ्यांच्या काळी रातोरात बैलगाड्या पुण्याहून सोनखत घेऊन यायच्या आणि त्यावर ऊस पोसला जायचा. ही नुसती घरगुती आठवण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच पुण्याची नगरपालिका मैल्यात राख मिसळून, तो वाळवून खत म्हणून विकत होती, आणि आधी नाक मुरडणारे ऊसवाले नंतर त्यासाठी पैसे मोजत होते. त्या व्यवहाराची दुसरी बाजूही सासूबाई दबक्या आवाजात सांगायच्या. मैल्याला सोनं म्हणणाऱ्या गावाने, तो मैला डोक्यावरून वाहणाऱ्या बायांना ओट्याला टेकू दिलं नाही. आज कायद्याने ते काम बंद आहे. पण केक भरणारा, ट्रॉलीत उभा राहून फावड्याने तो ओढणारा, वाफ्यात खुरपणारी, यांच्या हाताला आजही तोच मैला लागतो आहे, फक्त त्याचं नाव बदललंय. गाळाचं धोरण करताना हे हात आधी डोळ्यांपुढे आणा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मी गाळाच्या विरोधात नाही. हे मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतं, कारण असं पत्र वाचून कुणीतरी ‘शेतात गाळ बंद’ असा एका ओळीचा हुकूम काढेल आणि सगळा गाळ पुन्हा कुठल्यातरी गावाच्या माथी जाईल. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने शहराच्या कचऱ्यापायी काय सोसलं ते आम्ही शेजारी राहून पाहिलंय, विहिरींचं पाणी गेलं त्या लोकांचं. तिथे आता गाळाचे डोंगर नकोत.

शिवाय गाळात जे आहे ते टाकून देण्याजोगं नाही. माणूस वर्षाकाठी अर्धा किलोच्या आतबाहेर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, शरीराबाहेर टाकतो. पन्नास किलोच्या डीएपीच्या गोणीत शुद्ध स्फुरद असतं दहा किलो. म्हणजे वीस-पंचवीस माणसांच्या वर्षभराच्या मैल्यात आणि लघवीत एक गोणी डीएपी आहे; त्यातला एक वाटा पाण्याबरोबर जातो, एक गाळात उतरतो. त्या गोणीला आम्ही १३५० रुपये देतो, खरी किंमत त्याहून कितीतरी जास्त, बाकीचं सरकार अनुदानातून भरतं, आणि तिचा कच्चा माल बहुतेक परदेशातून येतो. खरिपाच्या तोंडावर तिच्यासाठी दुकानापुढे रांगा लागतात. जर्मनीने २०१७ मध्येच नियम करून टाकला की २०२९पासून मोठ्या केंद्रांनी गाळातलं स्फुरद परत मिळवायचं. आपल्या उसाच्या फडांना सेंद्रिय कर्ब हवाय, ती भूकही गाळ भागवू शकतो. माझ्या तीन ट्रॉल्यांवरचा ऊस त्या वर्षी शेजारच्या फडापेक्षा उजवा होता, हे लपवून मी खोटं का बोलू?

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

पहिलं म्हणजे रोगजंतू. अनेकांची समजूत अशी की डायजेस्टरमधून, म्हणजे गाळ कुजवायच्या बंद टाकीतून, गाळ गेला म्हणजे तो निर्धोक झाला. साध्या डायजेस्टरचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. तिथे गाळ वीस-पंचवीस दिवस राहतो, गॅस मिळतो, दुर्गंधी कमी होते, वजन घटतं. हे सगळं हवंच आहे. पण ३५ अंश म्हणजे जवळजवळ आपल्याच पोटातली ऊब. जंतांच्या अंड्यांना तिथे काय त्रास होणार? ती मारायला ५५ अंश लागतात, तेही सलग काही दिवस. अमेरिकेतल्या १९९३च्या नियमात हे बारकाईने लिहिलंय: उघड्या ओळीत कंपोस्ट करायचं असेल तर १५ दिवस ५५ अंश आणि त्या काळात पाच वेळा ढीग उलटायचा, म्हणजे बाहेरचं आत आणि आतलं बाहेर आलं पाहिजे. एवढं करून नमुन्यात एका ग्रॅम कोरड्या गाळामागे विष्ठेतले कॉलिफॉर्म जिवाणू हजाराच्या खाली आले तर तो पहिल्या प्रतीचा. ते न जमलेला दुसऱ्या प्रतीचा गाळ रानात घातला तर मातीला टेकणारी भाजी १४ महिने काढायची नाही, मुळा-गाजरासारखी जमिनीतली पिकं २० ते ३८ महिने. माझी कोथिंबीर चाळीस दिवसांची होती.

अहमदाबादने वेगळा मार्ग धरला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने तिथे वाळलेल्या गाळावर कोबाल्ट-६०चे गॅमा किरण सोडून जंतू मारतात, रोज शंभर टनांचा प्रकल्प आहे. पुण्याने त्याचा अभ्यास जरूर करावा. पण किरणांनी जंतू मरतात. शिसं आणि प्लास्टिक जिथल्या तिथे राहतं.

आणि शिसं हेच दुसरं अडचणीचं ठिकाण. धातू तापवून जात नाहीत, किरणांनी जात नाहीत, जमिनीत पडले की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा दिल्या आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, पारा तर ०.१५. या मर्यादा गाळालाही लावा आणि प्रत्येक केंद्राचा गाळ वेगळा तपासा. एका केंद्राच्या वस्तीत नुसती घरं असतील, दुसऱ्याच्या वस्तीत धातूला मुलामा देणारी प्लेटिंगची दुकानं आणि गॅरेजं असतील. दोन्हींचा गाळ एका ढिगात मिसळलात की चांगलाही वाया गेला. धातूंवरचा इलाज गाळाच्या टोकाला नाहीच, तो गटाराच्या तोंडाशी आहे. कारखान्याचं पाणी घरगुती मैलावाहिनीत येऊ द्यायचं नाही, आणि येतंय का हे गाळाच्या तपासणीवरूनच पकडायचं. एखाद्या केंद्राच्या गाळात निकेल अचानक वाढलं तर त्या वाहिनीवर कोण बसलंय ते शोधता येतं.

ज्या गाळाला शेताचा रस्ता मोकळा नाही, तो सिमेंटच्या भट्टीत जाळावा असा सल्ला नेहमी दिला जातो. सल्ला बरोबर आहे, हिशेब अपुरा. राज्यातल्या मोठ्या सिमेंट भट्ट्या चंद्रपूर-यवतमाळकडे. पुण्याहून सहा-सातशे किलोमीटर ऐंशी टक्के पाणी वाहून न्यायचं, हे कुणाला परवडेल? आधी वाळवा, मग न्या. आणि वाळवायचं म्हणजे छप्पर हवं. उघडे वाफे जून ते सप्टेंबर निकामी असतात. वाळलेला गाळ एका सरीत पुन्हा चिखल होतो. पॉलिहाऊससारख्या शेडमध्ये, उन्हावर, गाळ उलटवत वाळवता येतो. आमच्या फुलशेतीवाल्यांना शेड बांधायला अनुदान मिळतं, मग केंद्राच्या आवारात पालिकेला ती जड का जावी?

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मार्ग कंपोस्टचा, कारण त्याला लागणारं दुसरं सामान पुण्याच्या रस्त्यांवर पडलेलं आहे. गाळात नत्र जास्त, कर्ब कमी. एकटा ठेवला की सडतो, तापत नाही. पालापाचोळ्यात नेमकं उलट. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरभर पाचोळ्याचे ढीग लागतात आणि बंदी असूनही कोपऱ्याकोपऱ्यावर पेटतात. तोडलेल्या फांद्यांचा चुरा, तो पाचोळा आणि केक योग्य प्रमाणात एकत्र केले, हवा खेळती ठेवली, तर ढीग स्वतःच्या बळावर साठ अंशांपर्यंत जातो. इंधन लागत नाही. जागा, छप्पर, थर्मामीटर आणि नोंद ठेवणारा माणूस लागतो.

आता मागणं. प्रत्येक शुद्धीकरण केंद्राच्या दारावर एक फलक लावा: काल किती मैलापाणी आलं, किती गाळ निघाला, कुठल्या नंबरच्या गाडीतून कुठे गेला. तेच पालिकेच्या संकेतस्थळावर रोज चढवा. सोसायट्यांच्या केंद्रांनाही हाच नियम लावा, त्यांच्या गोण्या नेणाऱ्या माणसाला परवाना द्या. त्याला पळवून लावू नका, त्याच्याशिवाय गाळ नाल्यात जाईल. शेतकऱ्याला गाळ द्यायचा तर सोबत मराठीत एक कागद द्या, त्यावर केंद्राचं नाव, ढीग किती दिवस किती अंशांवर होता, जंतूंची आणि धातूंची तपासणी, आणि हे खत कोणत्या पिकाला चालेल, कोणत्याला नाही. कच्चं खाल्लं जाणारं काहीही, कोथिंबीर, पालक, मुळा, त्या यादीत ठळक अक्षरांत ‘नाही’ म्हणून असू द्या. ऊस, फुलं, रोपवाटिका, टेकड्यांवरची झाडं यांना आधी द्या. गाळ हाताळणाऱ्या प्रत्येकाला, तो कंत्राटी असला तरी, मोजे, बूट, जंतांचं औषध आणि कामाच्या जागी साबण-पाणी मिळालंच पाहिजे. कंत्राटात ते कलम नसेल तर कंत्राट बदला. आणि नगरसेवकांनो, पुढच्या अंदाजपत्रकात पाण्याच्या तरतुदीखाली गाळाचा वेगळा मथळा दिसू द्या. मला तो शोधूनही सापडला नाही.

बांधाला ठेवलेल्या त्या सहाव्या ट्रॉलीचं काय झालं, ते सांगून थांबते. कोथिंबीर पुरल्यावर मी तो गाळ उसाच्या पाचटात थर देऊन रचला. शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर वेळूच्या काठीला बांधला आणि रोज सकाळी ढिगात खुपसला. चौथ्या दिवशी मध्यभागी ५८ अंश. कडेला वीतभर आत मात्र ४०च. पंधरा दिवस मी तो उलटलाच नाही, कंबर धजावत नव्हती. मग पाणी मारून पाहिलं: आतल्या गाळातून एकही टोमॅटो आला नाही, वरच्या सालीतून पुन्हा रोपं आली. दुसऱ्या खेपेला मजूर लावून, मोजे-बूट देऊन, पाच वेळा ढीग उलटवला. नंतर एकही रोप उगवलं नाही.

ते खत मी अजून वापरलेलं नाही. टोमॅटो आला नाही एवढ्यावर मी कुणाच्या हातात ते देणार नाही, आणि धातूंची तपासणी माझ्या आवाक्याबाहेर गेली. ढीग बांधावर, ताडपत्रीखाली आहे. तुमच्या प्रयोगशाळेचा माणूस नमुना घ्यायला पाठवा. मी सकाळी सात ते अकरा रानातच असते.

आपली,
एक शेतकरी आणि निवृत्त विज्ञान शिक्षिका
मांजरी बुद्रुक, पुणे